फॉर्म किती भरायचे, हा प्रश्न नंतरचा: सामाजिक संशोधनातल्या नमुना निवडीचं मार्गदर्शन

सर्वेक्षण करायचं ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फॉर्म किती भरायचे? शंभर पुरतील की दोनशे?" मार्गदर्शकही बरेचदा एखादा गोल आकडा सांगून मोकळे होतात आणि विद्यार्थी त्या आकड्याच्या मागे धावतो. खरं तर त्याआधी तीन गोष्टी ठरलेल्या असायला हव्यात. तुम्हाला नेमकं कोणाबद्दल बोलायचंय, त्या लोकांची यादी कुठे मिळेल, आणि यादीतली नावं कोण निवडणार: तुम्ही की चिठ्ठी? या तिन्हींत गफलत झाली, तर पाच हजार फॉर्म भरूनही हाती काही लागत नाही.

पहिली पायरी: समग्र आखून घ्या

ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढायचा आहे ते सगळे मिळून समग्र. ऐकायला सोपं वाटतं, कागदावर उतरवताना मात्र घाम फुटतो. "घरकाम करणाऱ्या महिला" असा विषय घ्या. मालकाच्या घरीच राहून काम करणारी यात धरायची का? सकाळी एकाच घरी तासभर भांडी घासणारी? सहा महिन्यांपूर्वी काम सोडलेली? सतरा वर्षांची मुलगी? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं लिहून ठेवा. व्याख्येत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कोण, कुठले, कोणत्या काळातले, आणि कोणाला वगळलं. "अमुक शहराच्या हद्दीत राहणाऱ्या, वय वर्षं १८ पूर्ण, गेल्या ३० दिवसांत किमान एका परक्या घरी पगारावर घरकाम केलेल्या महिला" असं लिहिलं की दारात उभ्या असलेल्या अन्वेषकालाही (फॉर्म भरून घेणाऱ्यालाही) समोरची बाई पात्र आहे की नाही ते कळतं.

इथेच एकक, म्हणजे मोजायचं काय (घर, व्यक्ती की मूल), ठरवून टाका. निवड घराची होते, उत्तरं आई देते आणि माहिती मुलाची असते, असं नेहमी घडतं. तिन्ही एककं वेगळी आहेत. ती वेगळी लिहून ठेवली नाहीत, तर विश्लेषणाच्या वेळी "४० टक्के" म्हणजे ४० टक्के घरं की ४० टक्के मुलं, यावरून डोकं धरून बसावं लागतं.

दुसरी पायरी: यादी तपासा

ज्या यादीतून नमुना निघणार तिला नमुना चौकट म्हणतात. मतदार यादी, शाळेचा पट, सभासदांचं रजिस्टर, घरांची यादी, फोन नंबरांची फाइल, काहीही असू शकतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यादीत नसलेला माणूस नमुन्यात येणं अशक्य, मग निवड कितीही शास्त्रशुद्ध करा.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या आणि वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यावरून आल्फ्रेड लँडन जिंकणार असं त्यांनी छापलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मतं मिळाली आणि लँडन यांच्या वाट्याला अवघी दोन राज्यं आली. पत्ते मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांमधून घेतले होते. मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी बाळगणारा वर्ग रूझवेल्टविरोधाकडे जास्त झुकलेला होता. वर ज्यांनी उत्तर पाठवलं आणि ज्यांनी नाही, त्यांच्या कलातही फरक होता. मतचाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर निकाल बरोबर सांगितला. मोठ्या आकड्याने यादीची चूक भरून निघत नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त ठामपणे हाती येतं.

यादी हातात आली की चार दोष शोधा. गाळलेले: शाळेच्या पटावर शाळा सोडलेली मुलं नसतात, आणि तुमचा विषय नेमका गळती असेल तर ही यादी तुमच्या कामाची नाही. परके: मृत, स्थलांतरित, अपात्र. दुबार: दोन ठिकाणी नाव असलेल्याला निवडीची दुप्पट संधी मिळते. आणि एका नोंदीमागे अनेक माणसं: एका फोन नंबरवर किंवा एका घरक्रमांकावर पाच जणांचं कुटुंब.

दोष सापडला की दोनच मार्ग उरतात. एक तर यादी दुरुस्त करा, पूरक यादी जोडा. ते जमत नसेल तर समग्राची व्याख्या यादीइतकी लहान करा आणि तसं स्पष्ट लिहा: "पटावर असलेले विद्यार्थी", "सर्व मुलं" नव्हे. यादी अस्तित्वातच नसेल तर ती बनवावी लागते. भागाचा हाती नकाशा काढायचा, ठळक खुणांनी त्याचे तुकडे पाडायचे, काही तुकडे चिठ्ठीने निवडायचे आणि फक्त तेवढ्याच तुकड्यांमधल्या घरांना क्रमांक देत फिरायचं. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते सर्वेक्षणातले सर्वांत सत्कारणी लागणारे दिवस हेच.

तिसरी पायरी: निवड स्वतःच्या हातातून काढून घ्या

"आम्ही यादृच्छिक पद्धतीने निवड केली" हे वाक्य बहुतेक प्रबंधांत असतं आणि बऱ्याचदा त्याचा अर्थ "जो भेटला त्याला विचारलं" एवढाच असतो. बसस्टॉपवर उभं राहून समोर येईल त्याला थांबवणं म्हणजे यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखी) निवड नाही. माणूस नकळत हसऱ्या, घाई नसलेल्या, आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाकडे वळतो. कसोटी एकच आहे: समग्रातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी होती का, आणि ती किती होती हे तुम्ही आकड्यात सांगू शकता का? सांगता आलं तर तो संभाव्यता नमुना. संधी सगळ्यांना सारखीच हवी असं नाही. ती शून्य नसावी आणि माहीत असावी.

साधा यादृच्छिक नमुना काढणं आता फार सोपं आहे. एक्सेलमध्ये यादीशेजारच्या रकान्यात रँड फंक्शन, म्हणजे =RAND(), भरा, म्हणजे प्रत्येक नावासमोर शून्य ते एकमधला एक आकडा येईल. मग तो रकाना कॉपी करून त्याच जागी फक्त 'व्हॅल्यूज' म्हणून पेस्ट करा. ही पायरी विसरली तर शीटमध्ये काहीही बदललं की सगळे आकडे पुन्हा बदलतात आणि तुमची निवड कशी झाली ते कधीच दाखवता येत नाही. आता त्या रकान्यानुसार क्रम लावा आणि वरची हवी तेवढी नावं घ्या. फाइल तशीच जपून ठेवा.

यादी कागदावर असेल तर क्रमबद्ध निवड, म्हणजे ठरावीक अंतराने नावं घेणं, सोयीचं. समजा १,८४० नावं आहेत आणि १२० हवी आहेत. १,८४० भागिले १२० म्हणजे १५.३३. हे अंतर थेट १५ करून टाकू नका, नाहीतर यादीच्या शेवटच्या नावांचा घोळ होतो. शून्य आणि १५.३३ यांच्या दरम्यान एक यादृच्छिक संख्या काढा. ती ६.४० निघाली असं धरू. मग ६.४०, २१.७३, ३७.०६ असं अंतर मिळवत जा आणि प्रत्येक संख्या पुढच्या पूर्णांकावर न्या: ७ वं, २२ वं, ३८ वं नाव. शेवटचं नाव १,८३१ वं येईल. फक्त यादीत ठरावीक अंतराने काही फिरून येत नाही ना, ते आधी पाहा. इमारतींच्या यादीत दर आठवं घर कोपऱ्यातलं आणि मोठं असेल आणि तुमचं अंतरही आठ किंवा सोळा असेल, तर सगळी कोपऱ्यातलीच घरं येतील, नाहीतर एकही येणार नाही.

समाज एकजिनसी नसतो, म्हणून स्तर, म्हणजे वेगवेगळे गट, पाडतात. समजा एका संस्थेत २,००० कर्मचारी आहेत: १,८०० कायम आणि २०० कंत्राटी. साध्या पद्धतीने ३०० निवडले तर कंत्राटी जेमतेम ३० येतील, आणि ३० जणांवरून त्या गटाबद्दल काही बोलणं धाडसाचं ठरेल. म्हणून दोन वेगळ्या याद्या करून प्रत्येकीतून १५० घेतले. इथवर ठीक. घोटाळा होतो तो पुढे. समजा कायम कर्मचाऱ्यांपैकी ४० टक्के आणि कंत्राटींपैकी ७० टक्के लोकांनी नोकरी बदलण्याचा विचार असल्याचं सांगितलं. ३०० फॉर्म एकत्र करून टक्केवारी काढली तर ५५ टक्के येतात, आणि हा आकडा चुकीचा आहे. कंत्राटी लोक संस्थेत १० टक्के असताना नमुन्यात ५० टक्के झालेत. प्रत्येक स्तराला त्याच्या खऱ्या वाट्याइतकं वजन, म्हणजे भारांकन, द्या: ०.९ गुणिले ४० अधिक ०.१ गुणिले ७०, म्हणजे ४३ टक्के. पंचावन्न आणि त्रेचाळीस यांत बातमीचा मथळा बदलतो.

क्षेत्र मोठं असलं की घरोघर विखुरलेले लोक गाठणं परवडत नाही. मग आधी वस्त्या निवडायच्या आणि निवडलेल्या वस्त्यांमधून घरं. हा समूह किंवा बहुटप्पी नमुना. यात वस्त्या सरळ चिठ्ठीने काढून प्रत्येकीतून सारखीच घरं घेतली, तर लहान वस्तीतल्या घराला जास्त संधी मिळते. त्यावर उपाय म्हणजे आकारमानाच्या प्रमाणात निवड. सहा वस्त्यांचं छोटं उदाहरण घेऊ. घरं अनुक्रमे ३००, १२०, ४८०, ६०, २४० आणि ६००. चढती बेरीज करत जा: ३००, ४२०, ९००, ९६०, १,२००, १,८००. तीन वस्त्या हव्यात, म्हणून १,८०० भागिले ३, अंतर ६००. एक ते ६०० मधली यादृच्छिक संख्या २५० निघाली. मग २५०, ८५० आणि १,४५० हे आकडे ज्यांच्या बेरजेत बसतात त्या वस्त्या घ्यायच्या: पहिली, तिसरी, सहावी. आता प्रत्येकीतून २० घरं. पहिल्या वस्तीची निवड होण्याची संधी निम्मी, आणि तिच्यातल्या घराची संधी ३०० त २०. गुणाकार तीसात एक. सहावी वस्ती हमखास येणार, तिच्यातल्या घराची संधी ६०० त २०. तोही तीसात एक. तिसरीचं गणित स्वतः करून पाहा, तेच उत्तर येतं. प्रत्यक्षात तीन वस्त्या फारच थोड्या होतात. थोड्या वस्त्यांतून खूप घरं घेण्यापेक्षा जास्त वस्त्यांतून थोडी घरं घेणं केव्हाही चांगलं.

घर निवडलं म्हणजे माणूस निवडला असं नाही. दार उघडणाऱ्यालाच प्रश्न विचारले तर दुपारी घरी असणारेच नमुन्यात भरतात. संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये यासाठी निवडतक्ता सुचवला: घरातल्या पात्र प्रौढांची ठरलेल्या क्रमाने यादी करायची आणि कोणाला विचारायचं ते तक्ता सांगतो. सोपा पर्याय म्हणजे ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येणार त्याला विचारणं. एक गोष्ट हमखास राहून जाते. एकट्या राहणाऱ्याला घरात शंभर टक्के संधी असते आणि पाच प्रौढांच्या घरातल्या प्रत्येकाला २० टक्के. म्हणून घरातल्या पात्र व्यक्तींची संख्या फॉर्मवर लिहा, भारांकनाला ती लागते.

चौथी पायरी: आता आकडा

"समग्राच्या दहा टक्के घ्या" हा सल्ला विसरा. २०० च्या दहा टक्के म्हणजे २०, त्यातून काही कळणार नाही. एक कोटीच्या दहा टक्के म्हणजे दहा लाख, ते कोणाला झेपणार नाहीत. नमुन्याची अचूकता मुख्यतः नमुन्याच्या आकारावर ठरते, समग्राच्या आकारावर फार थोडी.

टक्केवारीचा अंदाज करायचा असेल तर नेहमीचं गणित असं. ९५ टक्के विश्वास पातळीसाठी (असे शंभर नमुने काढले तर सुमारे ९५ वेळा अंदाज ठरलेल्या चुकीच्या आत यावा यासाठी) १.९६ घ्या, त्याचा वर्ग ३.८४१६. प्रमाण आधी माहीत नसेल तर ०.५ धरा, कारण नमुना सर्वांत मोठा तिथे लागतो, ०.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.२५. दोन्हींचा गुणाकार चालणाऱ्या चुकीच्या (खऱ्या टक्केवारीपासून किती इकडे-तिकडे चालेल त्याच्या) वर्गाने भागा. पाच टक्के चूक चालणार असेल तर ०.०५ चा वर्ग ०.००२५, आणि उत्तर ३८४.१६, म्हणजे ३८५. प्रबंधांत जागोजागी दिसणारा ३८४ हा आकडा इथलाच. क्रेजी आणि मॉर्गन यांच्या नमुन्याचा आकार सांगणाऱ्या १९७० च्या तक्त्यातही दहा लाखांच्या समग्रासाठी हाच आकडा आहे.

पण या आकड्याच्या पोटात अटी आहेत: नमुना साधा यादृच्छिक हवा, सगळ्यांनी उत्तर दिलेलं हवं, आणि तुम्ही एकाच गटाबद्दल बोलत असायला हवं. त्या अटी मोडल्या की दुरुस्त्या कराव्या लागतात.

समग्र लहान असेल तर आकडा कमी होतो. १,२०० लोकांसाठी ३८५ भागिले (१ अधिक ३८४ भागिले १,२००), म्हणजे २९२. समूह नमुना असेल तर तो वाढतो, कारण एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात आणि विसावं घर पहिल्या घराइतकी नवी माहिती देत नाही. वाढीचा गुणक असा: १ अधिक (समूहातली घरं वजा १) गुणिले समूहांतर्गत साम्य (एका समूहातली माणसं एकमेकांसारखी किती, ते सांगणारा आकडा). २० घरं आणि साम्य ०.०५ धरलं तर १.९५, म्हणजे ३८५ चे थेट ७५१ झाले. प्रतिसाद ८० टक्केच मिळेल असं वाटत असेल तर ०.८ ने भागा. २९२ उत्तरं हवी असतील तर ३६५ नावं काढायला हवीत.

आणि उपगट. ४०० च्या नमुन्यात एकूण चूक सुमारे ४.९ टक्के असते, पण त्यात एखाद्या गटाचे ४० जण असतील तर त्या गटापुरती ती साडेपंधरा टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून विश्लेषणाचे कोरे तक्ते आधी आखा, सर्वांत लहान रकान्यात किती माणसं लागतील ते पाहा आणि तिथून मागे या. चूक निम्मी करायची तर नमुना चौपट लागतो: १०० ला ९.८ टक्के, ४०० ला ४.९, १,६०० ला २.४५. पैसे कुठे थांबवायचे ते यावरून ठरवता येतं.

पाचवी पायरी: मैदानात यादीला चिकटून राहा

दाराला कुलूप असलं की अन्वेषक शेजारचं दार वाजवतो. आकडा पूर्ण होतो आणि नमुना बिघडतो, कारण ज्यांच्या घराला दिवसा कुलूप असतं ते कामावर जाणारे, फिरतीवरचे, लहान कुटुंबातले असतात आणि त्यांच्या जागी घरी असणारे येतात. परस्पर बदली नको, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा. वेगवेगळ्या वेळी, निदान एकदा संध्याकाळी आणि एकदा सुट्टीच्या दिवशी धरून, तीन फेऱ्या करा. प्रत्येक निवडलेल्या नावासमोर नोंद हवी: मुलाखत पूर्ण, अर्धवट, नकार, कुलूप, स्थलांतर, अपात्र. शेवटी प्रतिसादाचं प्रमाण याच तक्त्यातून निघतं. नकार देणाऱ्यांबद्दल निदान भाग, अंदाजे वय, घराचा प्रकार एवढं तरी टिपा, म्हणजे ते उत्तर देणाऱ्यांपेक्षा किती वेगळे होते ते पाहता येईल.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी पीक सर्वेक्षणांच्या काळात वापरलेली एक युक्ती लहान प्रकल्पातही जमते. नमुन्याचे चिठ्ठीने दोन भाग करा आणि दोन वेगळ्या चमूंना द्या. दोघांचे निकाल फार वेगळे आले तर फरक लोकांत नाही, विचारण्यात आहे.

यादीच मिळत नसेल तेव्हा

प्रत्येक विषयाला संभाव्यता नमुना शक्य नसतो, आवश्यकही नसतो. प्रक्रिया समजून घ्यायची असेल, अनुभव ऐकायचे असतील, तर सहेतुक निवड योग्य, फक्त हेतू लिहून दाखवता आला पाहिजे: हीच माणसं का, आणि वेगळं मत असणारी कुठे आहेत. मुलाखती किती, याचं उत्तर इथे सूत्रात नाही. नवीन मुद्दे यायचे थांबले की थांबावं. एकसारख्या अनुभवाच्या गटात दहा-बारा मुलाखतींनंतरच पुनरुक्ती सुरू होऊ शकते, विविध गटांत जास्त लागतात.

लपून राहणाऱ्या किंवा विखुरलेल्या गटांसाठी एकाने दुसऱ्याचं नाव सुचवायचं, ही साखळी किंवा स्नोबॉल पद्धत. साखळी एकाच माणसापासून सुरू केलीत तर त्याच्याच गोतावळ्यात फिरत राहाल. एकमेकांना न ओळखणाऱ्या चार-पाच ठिकाणांहून सुरुवात करा आणि एका व्यक्तीकडून घ्यायच्या नावांवर मर्यादा घाला. आणखी एक: दुसऱ्याचा नंबर परस्पर घेऊ नका, त्यालाच तुमच्याशी संपर्क साधायला सांगा.

कोटा पद्धत वरवर स्तरित निवडीसारखी दिसते. इतके पुरुष, इतक्या स्त्रिया, इतके तरुण. पण कोट्याच्या आत कोणाला घ्यायचं ते अन्वेषक ठरवतो, आणि तिथेच गळती होते. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या प्रमुख चाचण्यांनी टॉमस ड्यूई जिंकणार असं सांगितलं आणि हॅरी ट्रूमन जिंकले. त्यानंतर कोटा पद्धतीवर मोठी टीका झाली. चाचण्या मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या होत्या हेही एक कारण होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्मची लिंक फिरवणं हा सोयीस्कर नमुना. प्रश्नावली तपासायला, सुरुवातीची चाचपणी करायला तो चालतो. पण लिंक किती जणांपर्यंत पोचली ते माहीत नसल्याने प्रतिसादाचं प्रमाण काढता येत नाही आणि "अधिक-उणे पाच टक्के" असंही लिहिता येत नाही. सोयीस्कर नमुना घेऊन ३८४ च्या तक्त्याचा दाखला देणारे प्रबंध पाहिले की परीक्षकाने नेमकं काय वाचलं असेल असा प्रश्न पडतो.

प्रबंधात काय लिहायचं

नमुना निवडीच्या भागात हे यायला हवं: समग्राची व्याख्या, यादी कोणती आणि किती तारखेची, तिच्यात कोण सुटलं, निवडीचे टप्पे, प्रत्येक टप्प्यावरची संख्या, आकार ठरवताना काय गृहीत धरलं, किती नावं काढली, किती मिळाली, बाकीच्यांचं काय झालं आणि भारांकन केलं का. "सर्व महिलांपैकी ६२ टक्के" असं लिहिण्याचा हक्क फक्त संभाव्यता नमुन्याला आहे. बाकीच्यांनी "मुलाखत दिलेल्यांपैकी ६२ टक्के" असंच लिहावं. निवडीची एक्सेल फाइल, क्रमबद्ध निवडीची सुरुवातीची संख्या आणि फेऱ्यांचा तक्ता नावं काढून टाकून परिशिष्टात जोडा. मूळ नावांची यादी मात्र पासवर्ड लावून, उत्तरांच्या फाइलपासून वेगळी ठेवा.